मुदत फक्त तिच्यासाठीच का संपते?

१२ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यातल्या एका विधी विद्यापीठातील प्राध्यापिकेचे अपील फेटाळले. कुलगुरूंनी लैंगिक छळ केल्याची तिची तक्रार होती. न्यायालयाच्या हिशेबाने छळाचा शेवटचा प्रसंग एप्रिल २०२३ मधला आणि तक्रार २६ डिसेंबर २०२३ ची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारीसाठी दिलेले तीन महिने संपलेले, तक्रारी ऐकणाऱ्या समितीला वाढवून देता येणारे आणखी तीन महिनेही संपलेले. म्हणून तक्रार मुदतबाह्य. त्याच निकालात न्यायालयाने असेही म्हटले की चूक करणाऱ्याला माफ करावे, पण चूक विसरू नये. आणि हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटाचा भाग झाला पाहिजे, असा आदेश दिला. त्यानंतर जी चर्चा माझ्या वाचण्या-ऐकण्यात आली, ती जवळजवळ सगळी या बायोडेटाभोवती फिरत राहिली. एका बाजूचे म्हणणे, चौकशी नाही, पुरावा नाही, मग हा कलंक कशाच्या जोरावर? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, न्यायालयाने पुन्हा एकदा बाईलाच हाकलून लावले.

दोन्ही बाजू मूळ प्रश्नाला वळसा घालून जातात. हा निकाल मला पटत नाही, पण न्यायालयाने कायदा चुकीचा वाचला असे मी म्हणणार नाही. २०१३ च्या कायद्याचे कलम ९ स्पष्ट आहे. घटनेपासून तीन महिने; घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने; समितीला कारणे पटली आणि तिने ती लिहून ठेवली, तर 'जास्तीत जास्त' आणखी तीन. त्यापुढे दार नाही. संसदेनेच ते बांधलेले नाही. त्यामुळे विचारायचे ते संसदेला, आणि ते कलम रोज वापरणाऱ्या आपल्यासारख्यांना. माझे म्हणणे असे आहे: तक्रारीला उशीर झाला, तर त्याचा परिणाम पुराव्याच्या वजनावर व्हावा, तक्रार ऐकायची की नाही, यावर होऊ नये. आणि दुसरे, जे मला जास्त खुपते: या कायद्यात प्रत्येकासाठी मुदती आणि रीती सांगितल्या आहेत, पण त्या चुकल्या म्हणून सगळे गमावण्याची वेळ फक्त तक्रार करणारीवर येते.

मी काही वर्षे दोन-तीन ठिकाणी अंतर्गत समितीची बाहेरची सदस्य म्हणून काम करते. कायद्याने प्रत्येक समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा, महिलांच्या प्रश्नांवर काम करणारा असावा लागतो, ती मी. त्यातल्या एका बैठकीबद्दल लिहिणे मला भाग आहे. गुप्ततेचे बंधन असल्यामुळे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतली कंपनी. तक्रार करणारी बाई ठेकेदाराकडून आलेली, पॅकिंग विभागातली. आरोप पाळीच्या सुपरवायझरवर. तिने चुलत भावाकडून एक पान लिहून घेतले होते आणि आधी ते हजेरी घेणाऱ्या कारकुनाकडे दिले होते, कारण कंपनीत तिला ओळखीचा 'साहेब' तोच होता. तो कागद त्याच्या खणात किती दिवस पडून राहिला, हे कोणीच नीट सांगू शकले नाही. मग मनुष्यबळ विभागाने तिला सांगितले की तक्रार सहा प्रतींत हवी, साक्षीदारांची नावे-पत्ते हवेत. नियमात तसे आहेच. ती जुळवाजुळव करून आली तोवर शेवटच्या प्रसंगाला सहा महिने आणि अकरा दिवस झाले होते. बैठकीत आमच्यापैकी प्रत्येकाने पान उलटून आधी तारीख पाहिली. मजकूर नंतर. वीस मिनिटांत ठराव झाला: तक्रार मुदतबाह्य, फाइल बंद. त्या ठरावावर माझीही सही आहे.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा घेते, आणि तो खरोखर भक्कम आहे. मुदती विनाकारण ठरवलेल्या नसतात. काळ गेला की आठवणी पुसट होतात, ईमेल खोडले जातात, कॅमेऱ्याचे चित्रण काही आठवड्यांत पुसले जाते, साक्षीदार नोकरी सोडून दुसऱ्या गावी जातात. 'त्या मंगळवारी तुम्ही कुठे होतात?' या प्रश्नाला पंधरा दिवसांनी उत्तर देता येते, पाच वर्षांनी नाही. ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्या डोक्यावर आयुष्यभर तलवार टांगती ठेवणे हाही अन्यायच. शिवाय या समित्यांत न्यायाधीश नसतात. लेखा विभागातल्या बाई, उत्पादन विभागातला व्यवस्थापक, आणि माझ्यासारखी एखादी कार्यकर्ती. अशा लोकांच्या हाती दिवाणी न्यायालयासारखे समन्स काढण्याचे अधिकार द्यायचे, तर त्यांना आखून दिलेली चौकट हवी. हे सगळे मला मान्य आहे, आणि मी ते समितीत बसून अनुभवलेही आहे.

पण याच कारणांसाठी इतर कायद्यांनी काय केले, ते पाहा. विकत घेतलेला फ्रिज बिघडला आणि दुकानदाराने दाद दिली नाही, तर ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षे मिळतात. त्यानंतरही उशिराचे पुरेसे कारण दाखवता आले तर आयोग तक्रार घेऊ शकतो, आणि त्या 'नंतर'ला वरची मर्यादा नाही. उसने दिलेले पैसे बुडाले तर दावा लावायला तीन वर्षे. नकोशी शारीरिक लगट हा फौजदारी गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि अशा गुन्ह्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षे आहे. म्हणजे ज्या कृत्यासाठी माणसाला तुरुंगात पाठवायचे त्याची तक्रार तीन वर्षांपर्यंत चालते, आणि त्याच कृत्यासाठी त्याची फक्त बदली करायची किंवा बढती रोखायची, तर सहा महिन्यांनंतर बोलायलाच बंदी. आठवणी पुसट होण्याचे कारण खरे असेल, तर ते तुरुंगाच्या बाबतीत कमी आणि बदलीच्या बाबतीत जास्त लागू पडते की काय?

महाराष्ट्राचे स्वतःचे उदाहरण तर अगदी जवळचे आहे. कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा आपला १९७१ चा कायदा. कामगार चळवळीतले लोक त्याला 'एमआरटीयू-पल्प' या नावानेच ओळखतात. त्याच्या कलम २८ मध्येही तक्रारीला नव्वद दिवसच दिले आहेत. पण लगेच पुढे परंतुक आहे: उशिराची चांगली आणि पुरेशी कारणे तक्रारदाराने दाखवली, तर नव्वद दिवसांनंतरही न्यायालय तक्रार दाखल करून घेऊ शकते. किती दिवसांनंतर? ते न्यायालयावर सोडले आहे. तोच नव्वद दिवसांचा आकडा, तेच मालक-नोकराचे नाते, तेच दबावाचे वातावरण. मग १९७१ मध्ये मुंबईत बसलेल्या कायदेमंडळाला जे कळले, ते २०१३ मध्ये दिल्लीत का सुचू नये?

इथे मला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस आठवतात. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले, पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलेले. १९५५ च्या एका निवडणूक खटल्यात त्यांनी कार्यपद्धतीच्या संहितेबद्दल जे लिहिले, ते आजही वकील पुन्हा पुन्हा पुढे ठेवतात. त्याचा आशय असा की कार्यपद्धती न्यायाची वाट सोपी करण्यासाठी असते. ती शिक्षेची कलमे नव्हेत आणि माणसांना पाय अडकवून पाडण्यासाठीही नव्हे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच काश्मीरमधल्या एका भूसंपादनाच्या प्रकरणात सांगितले की न्यायसंस्थेला मान मिळतो तो तांत्रिक कारणांनी अन्याय कायदेशीर ठरवण्याच्या ताकदीमुळे नव्हे, तर अन्याय दूर करण्याच्या क्षमतेमुळे. त्या प्रकरणात उशीर कोणाचा होता? सरकारचा. सरकारला ती सवलत मिळाली ते योग्यच झाले. पॅकिंग विभागातल्या बाईला ती का मिळू नये, एवढेच मला विचारायचे आहे.

'कार्यपद्धतीकडे दुर्लक्ष केले की काय होते, ते गोव्यात बघा,' असे मला एका ज्येष्ठ वकिलांनी सुनावले होते, आणि त्यांचा मुद्दा ऐकण्याजोगा आहे. २००९ मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीने बैठका घाईघाईने उरकल्या, आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही आणि चौकशी एकतर्फी संपवली. त्याला बडतर्फ केले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई उचलून धरली, पण मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली गेली नाहीत, हे त्याचे कारण. न्यायालयाने बरोबरच केले. ज्याची नोकरी जाणार आहे, त्याचे म्हणणे नीट ऐकले गेलेच पाहिजे, आणि ते ऐकले जात नाही म्हणूनच अनेक खऱ्या तक्रारी अपिलात कोसळतात.

पण त्या निकालाचा शेवट काय होता? प्रकरण बंद झाले नाही. न्यायालयाने ते समितीकडे परत पाठवले: २००९ च्या मे महिन्यात चौकशी जिथे होती, तिथून पुन्हा सुरू करा. म्हणजे चौदा वर्षांनंतर. चौदा वर्षांत आठवणी पुसट झाल्या नसतील? त्या विद्यार्थिनी कुठल्या कुठे गेल्या नसतील? तरीही न्यायालयाने म्हटले, रीत चुकली आहे तर ती दुरुस्त करा आणि पुन्हा ऐका. आरोप असलेल्याच्या बाबतीत रीत चुकली, तर उपाय पुन्हा ऐकणे हा. तक्रार करणारीच्या हातून रीत चुकली, तर उपाय कधीच न ऐकणे हा. दोन्ही निकाल आपापल्या जागी कायद्याला धरून आहेत. पण ते शेजारी-शेजारी ठेवले की कायद्याचा तोल कुठे ढळला आहे, ते लहान मुलालाही दिसेल.

संस्थेच्या वाट्याला येणाऱ्या मुदती तर आणखी बोलक्या आहेत. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. अहवाल दहा दिवसांत द्यायचा. त्यावर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची. समितीच्या सदस्यांची माहिती आणि छळाच्या परिणामांची सूचना कामाच्या ठिकाणी ठळकपणे लावायची. तक्रार करणारीला लिहिता येत नसेल, तर समितीने तिला लिहिण्यासाठी सर्व वाजवी मदत करायची. यातले काही चुकले, तर? चौकशी नव्वदऐवजी दोनशे दिवस लांबली म्हणून ती रद्द होत नाही, आणि होऊही नये, नाहीतर वेळकाढूपणालाच बक्षीस मिळेल. समितीच नेमली नाही, तर पहिल्या वेळी पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड. मोठ्या कंपनीच्या एका दिवाळी पार्टीचा खर्च यापेक्षा जास्त असतो. पण समिती न नेमणाऱ्या, फलक न लावणाऱ्या, बाईचा कागद खणात पडू देणाऱ्या त्याच कंपनीला पुढे उभे राहून 'तक्रार मुदतीत नाही' असे म्हणता येते. स्वतःच्या चुकीचा फायदा कोणी घेऊ नये, हे तत्त्व आपल्या न्यायालयांना नवे नाही. इथे ते कोणी का वापरत नाही?

या कायद्याचा उगम पाहिला तर हे अधिकच खटकते. १९९२ मध्ये राजस्थानातल्या भटेरी गावात, बालविवाह थांबवण्याचे सरकारी काम करणाऱ्या साथिन (गावपातळीवरच्या कार्यकर्त्या) भंवरी देवी यांच्यावर त्या कामाचा सूड म्हणून सामूहिक बलात्कार झाला. त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवसांहून अधिक काळ गेला. यंत्रणेने केलेल्या या दिरंगाईची किंमत खटल्यात त्यांनीच मोजली. १९९५ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. त्यातून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल आला. त्या निकालातली मार्गदर्शक तत्त्वे पुन्हा वाचा. त्यांत मुदतीचा उल्लेख आहे, पण तो संस्थेसाठी: तक्रारीचा निपटारा वेळेत झाला पाहिजे. तक्रार किती दिवसांत करायची, याची मर्यादा त्यांत नव्हती. पुढची सोळा वर्षे देश त्या तत्त्वांवर चालला आणि जुन्या तक्रारींचा पूर आला नाही. मग २०१३ मध्ये घड्याळ संस्थेच्या हातातून काढून बाईच्या मनगटावर बांधले गेले. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी विशाखाची तत्त्वे कागदावरून प्रत्यक्षात यावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे लढा दिला होता. त्यातून मिळालेल्या कायद्यात हे कलम असावे, याचे मला वाईट वाटते.

'पण इतका उशीर करायचाच कशाला?' हा प्रश्न बैठकीत नेहमी येतो, आणि विचारणारे सगळेच दुष्ट नसतात. ज्याला पगाराची खात्री आहे त्याला तो सहज सुचतो. पीएचडीच्या प्रबंधावर ज्याची सही लागते, त्याच्याविरुद्ध सही होण्याआधी कोण तक्रार करेल? परिविक्षा संपून कायम होण्याचे पत्र ज्याच्या टेबलावरून येणार आहे, त्याच्याविरुद्ध पत्र हाती येण्याआधी? पगार खाली-वर करणारे अप्रेझल ज्याच्या हातात आहे, त्याच्याविरुद्ध एप्रिलच्या आधी? ही सगळी चक्रे वर्षाची, दोन वर्षांची, पाच वर्षांची आहेत. कायद्याचे चक्र तीन महिन्यांचे.

ऊसतोडीचा हंगाम घ्या. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून लाखो माणसे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. फडाजवळ कोपी घालून राहायचे, पहाटे चारला उठायचे, मोळ्या बांधून गाडी भरून द्यायची. परत येणे मार्च-एप्रिलमध्ये. नोव्हेंबरमध्ये मुकादमाने एखाद्या बाईवर हात टाकला, तर ती काय करेल? अंतर्गत समिती नाही, म्हणून जावे लागेल जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. कुठल्या जिल्ह्याच्या? समितीचे अधिकारक्षेत्र तिच्या जिल्ह्यापुरते, म्हणजे जिथे फड आहे तिथले. तिथले जिल्ह्याचे गाव तिने पाहिलेले नाही. एक दिवस फडावर गेली नाही तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीत चढतात, आणि ती उचल देणारा तोच. हंगाम संपवून ती गावी परतते तेव्हा तीन महिने केव्हाच उलटलेले असतात. उरलेल्या मुदतवाढीत तिने परक्या जिल्ह्यात जाऊन 'परिस्थितीने मला अडवले होते' हे समितीला पटवून द्यायचे. कायद्याने तालुक्याला तक्रार घेणारा समन्वय अधिकारी ठेवला आहे खरा; पण सहा महिने कोपीत राहणाऱ्या बाईला त्याचे नाव कोण सांगणार? कलम ९ लिहिताना कोणाच्या डोळ्यांपुढे कोण होते, हे मला माहीत नाही. ही बाई नव्हती, एवढे नक्की.

असे घडून गेल्यावर शहाणपण दाखवलेले देशही आहेत. अमेरिकेत लिली लेडबेटर या बाईंनी अलाबामातल्या टायरच्या कारखान्यात १९ वर्षे काम केले. निवृत्तीच्या सुमारास कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा त्यांना कळले की त्याच पदावरच्या पुरुषांना आपल्यापेक्षा बराच जास्त पगार मिळतो. महिन्याला ३,७२७ डॉलर त्यांना. पुरुषांत सर्वांत कमी मिळवणाऱ्याला ४,२८६. ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की पगाराचा भेदभावपूर्ण निर्णय झाल्यापासून १८० दिवसांत तक्रार करायला हवी होती. जो पगार त्यांच्यापासून लपवला गेला होता, त्याबद्दल! न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपले भिन्न मत भर न्यायालयात वाचून दाखवले आणि आता चेंडू काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे आहे, असे म्हटले. काँग्रेसने तो उचलला. जानेवारी २००९ मध्ये लेडबेटर यांच्याच नावाचा कायदा झाला: भेदभावाने कमी केलेला प्रत्येक पगार हाती पडतो, तेव्हा मुदत नव्याने सुरू होते. आपल्या निकालावर चर्चा करताना आपण बायोडेटाऐवजी हे बोललो असतो तर?

ब्रिटनचा अनुभव माझ्या मते आपल्याला जास्त उपयोगी आहे. तिथे २००४ पासून एक सक्ती होती: कामगाराने आधी मालकाला लेखी गाऱ्हाणे द्यायचे, अठ्ठावीस दिवस थांबायचे, मगच न्यायाधिकरणाकडे यायचे. ती पहिली पायरी चुकली की भेदभावाची तक्रारसुद्धा दाखलच होत नसे. हेतू चांगला होता, वाद कार्यालयातच मिटावेत. झाले उलटेच. अमुक पत्र 'गाऱ्हाणे' ठरते की नाही, राजीनाम्यातली ओळ पुरेशी आहे की नाही, यावरच खटले चालू लागले. भेदभाव झाला का, हा प्रश्न मागेच राहिला. शेवटी सरकारने नेमलेल्या पाहणीनंतर २००९ मध्ये ही पद्धत मोडीत काढली गेली. तिच्या जागी आचारसंहिता आली: मालकाने ती विनाकारण मोडली तर भरपाई पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढते, कामगाराने मोडली तर तेवढीच कमी होते. रीत न पाळल्याची किंमत दोघांना, मापात, आणि प्रकरण ऐकून झाल्यावर. कार्यपद्धतीचा मान राखण्याचा हा मार्ग आहे, आणि तो आपल्याला सहज घेता येण्याजोगा आहे.

खोट्या तक्रारींची भीती मी थोडक्यात संपवते, कारण तिचे उत्तर कायद्यातच आहे. हेतुपुरस्सर खोटी तक्रार केली तर कलम १४ प्रमाणे कारवाई होते. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. खोटी तक्रार पहिल्या दिवशीही करता येते आणि खरी तक्रार दोनशेव्या दिवशीही. तारखेवरून खरे-खोटे कळत असते, तर चौकशीची गरजच राहिली नसती. 'पोलिसांत जायचे होते' हाही सल्ला तसाच. या समित्या निर्माण झाल्या त्याच मुळी यासाठी की बहुतेक बायकांना कोणाला तुरुंगात पाठवायचे नसते. त्यांना उद्या त्याच गेटमधून आत जाऊन निर्धास्तपणे काम करायचे असते.

आता त्या बायोडेटाकडे. तो आदेश मला अस्वस्थ करतो, आणि कारण टीव्हीवर ओरडणाऱ्यांचे नाही. तक्रार उंबरठ्यावरून परत पाठवली, म्हणून त्या बाईंना निर्णय मिळाला नाही. पण त्या कुलगुरूंनाही मिळाला नाही. ते निर्दोष असतील, तर ते सिद्ध करण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. उलट न तपासलेल्या आरोपाची सावली आयुष्यभर बायोडेटावर. ते दोषी असतील, तर शिक्षा एक कागद. ऐकून घेण्याआधीच तक्रार फेटाळणे आरोप असलेल्याच्या हिताचे असते, हा समज इथे पार खोटा ठरतो. नीट ऐकलेल्या चौकशीतून सुटलेला माणूस ताठ मानेने फिरू शकतो. मुदतीमुळे सुटलेला नाही.

महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या रजनी पाटील यांनी २०२४ मध्ये ही मुदत तीन महिन्यांवरून एक वर्ष करण्यासाठी खासगी विधेयक मांडले. खासगी विधेयकांचे आपल्याकडे काय होते, ते सगळ्यांना ठाऊक आहे; पण निदान प्रश्न कुठे आहे, ते त्यांनी बरोबर दाखवले. माझ्या मते एका वर्षाचीही भिंत उभारण्यापेक्षा १९७१ च्या आपल्या कायद्यासारखे परंतुक घालावे: मुदत हवी तर तीन महिनेच ठेवा, पण पुरेसे कारण असेल तर समितीला कितीही उशीर माफ करता आला पाहिजे, आणि 'नाही' म्हणण्याआधी तिने बाईचे कारण समोर बसवून ऐकले पाहिजे. ज्याच्या हाताखाली ती काम करते त्याच्याविरुद्धची मुदत, ती त्याच्या हाताखालून बाहेर पडल्यावर मोजायला सुरुवात व्हावी. आणि ज्या मालकाने समिती नेमली नाही, फलक लावला नाही, तक्रार लिहायला मदत केली नाही, त्याच्या आस्थापनेत मुदतीचा आक्षेप घेताच येऊ नये. कायदा बदलेपर्यंत आम्हा समिती सदस्यांच्या हातात एवढे तरी आहे की पहिल्या कारकुनाच्या हाती कागद पडला तो दिवस तक्रारीचा धरावा. सहा प्रती नंतर काढता येतात. झेरॉक्सचे यंत्र कंपनीतच असते.

मी त्या दिवशी हे म्हणू शकले असते. हजेरीच्या कारकुनाला बोलावून तो कागद नक्की कधी आला, हे विचारू शकले असते. तारीख बहुधा मुदतवाढीच्या आत बसली असती. मी विचारले नाही. ठराव वाचून दाखवल्यावर ती बाई थोडा वेळ नुसती बसून राहिली. मग तिने अध्यक्षांकडे नाही, माझ्याकडे पाहिले, कदाचित मी त्या कंपनीची नव्हते म्हणून. म्हणाली, "ताई, म्हणजे तुम्ही त्याला काही विचारलंच नाही?"